दार कोणी लावले? उपनगरातील एका प्रश्नाचा समाजशास्त्रीय इतिहास

१/
घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी. यांपैकी कोठेही भाड्याने घर शोधून पाहा. भाडे आणि डिपॉझिट यांचा आकडा कानी पडण्याआधी दलाल विचारतो, "आडनाव काय?" पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "नॉनव्हेज खाता का?" विचारणाऱ्याने समाजशास्त्राचे पुस्तक कधी उघडलेले नसते. तरी त्या विषयाच्या पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकातील निम्मी प्रकरणे या दोन प्रश्नांत मावतात.

२/
आजचा धागा या प्रश्नांच्या इतिहासाविषयी आहे. समुदाय, स्तरीकरण, अंतर्विवाह, अनुकरण, सामाजिक बंदिस्ती अशा काही प्राथमिक संकल्पना वाटेत भेटतील. मी इतिहासाची विद्यार्थिनी. समाजशास्त्राकडे शेजारच्या वर्गात डोकवावे तशी आले. त्यामुळे एखादी व्याख्या पाठ करण्यापेक्षा ती कोणी, कोठे आणि कोणत्या पेचातून केली, हे पाहण्यात मला अधिक रस आहे. धागा मोठा आहे, सवडीने वाचा.

३/
आरंभ नेहमीच्या ठिकाणाहून करू. फर्डिनांड टोनीज या जर्मन विचारवंताने १८८७ साली मानवी सहजीवनाचे दोन प्रकार सांगितले. पहिला 'गेमाइनशाफ्ट' : नाते, शेजार, परंपरा यांनी बांधलेला समुदाय. तेथे माणूस जन्मानेच आत असतो. दुसरा 'गेझेलशाफ्ट' : करार, हिशेब आणि हितसंबंध यांवर उभा असलेला समाज. तेथे माणूस आपल्या कामापुरता, ठरवून येतो. गाव पहिल्या प्रकारचे, महानगर दुसऱ्या प्रकारचे.

४/
त्याआधी १८६१ मध्ये हेन्री मेन या इंग्रज कायदेपंडिताने अशाच आशयाचे सूत्र मांडले होते : समाजांचा प्रवास जन्मसिद्ध दर्जाकडून कराराकडे होतो. (हेच मेन पुढच्याच वर्षी व्हाइसरॉयच्या मंडळाचे विधी-सदस्य म्हणून हिंदुस्थानात आले.) १९०३ मध्ये गिओर्ग झिमेल याने महानगरातील माणसाच्या मनाचे चित्र रेखाटले : सतत नव्याला सामोरा जाणारा, म्हणून अलिप्त, एकाकी, पण मोकळा. तिघांचे मिळून जे चित्र उभे राहते त्यात शहर म्हणजे जन्माचे ओझे उतरवण्याची जागा.

५/
हे चित्र तपासण्यासाठी मुंबईच्या उपनगरांइतकी चांगली प्रयोगशाळा क्वचितच सापडेल. साष्टी बेटावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भातखाचरे, मिठागरे, कोळीवाडे आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती व आगरी गावठाणे होती. १ ऑक्टोबर १९२० रोजी ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढण्यात आला. जानेवारी १९२८ मध्ये विजेवरची लोकल बोरिवलीपर्यंत धावू लागली. १९५० मध्ये महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत सरकली आणि अंधेरी, घाटकोपर मुंबईत आले. १९५७ मध्ये ती दहिसर-मुलुंडपर्यंत गेली.

६/
म्हणजे जेमतेम दोन पिढ्यांत गावांचे महानगर झाले. कोकण, देश, कच्छ, काठियावाड, कर्नाटक, सिंध, जेथून तेथून माणसे आली. जुने वाडे नाहीत, वतने नाहीत, गावकीचे पंच नाहीत. टोनीजच्या हिशेबाने येथे शुद्ध गेझेलशाफ्ट उगवायला हवा होता. भाडे भरा, चावी घ्या, शेजाऱ्याची जात कोणाला ठाऊक!

७/
प्रत्यक्षात काय झाले हे पाहण्यासाठी जरा दक्षिणेकडे, गावदेवीला जाऊ. १९१५ मध्ये तेथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवली गेली. आशियातील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून तिचा उल्लेख होतो. तिचे प्रवर्तक रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तळमकी. याच तळमकींनी १९०६ मध्ये आपल्या चित्रापूर सारस्वत समाजासाठी शामराव विठ्ठल सहकारी बँक काढली होती. १९१८ मध्ये वांद्र्याला सालसेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. नावे पुन्हा एकदा वाचा. पहिल्या संस्थेच्या नावात जात आहे, दुसरीच्या नावात धर्म.

८/
हे दोन अपवाद नव्हते. सहकारी संस्थांचा १९१२ चा कायदा आला आणि पतपेढ्यांखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या. त्यानंतर मुंबई इलाख्यात ज्या गृहसंस्था निघाल्या त्या बहुतेक एकेका ज्ञातीच्या किंवा पंथाच्या होत्या. आधुनिक कायदा, आधुनिक हप्ते, आधुनिक संडास-बाथरूम आणि सभासदांची यादी मात्र ज्ञातीच्या वहीतली. करार आणि जन्म हे दोन प्रवाह टोनीजने वेगळे काढले होते. येथे ते एकाच नळातून वाहत होते.

९/
ही गोष्ट वेळीच टिपली ती गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. जन्म १८९३, मालवण. केंब्रिजहून पीएच.डी. करून आले आणि १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. हा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडेस या स्कॉटिश नगररचनाकाराने सुरू केला होता. आज तो कालिन्याच्या विद्यानगरीत आहे, म्हणजे तोही उपनगरवासी झाला!

१०/
घुर्ये यांचा जात आणि वंश यांवरील इंग्रजी ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटिश अमलात जात क्षीण झाली की बळकट, याची चर्चा करताना त्यांनी सहकारी गृहसंस्थांकडे बोट दाखवले आहे. जातिभावनेला या चळवळीने नवे क्षेत्र मिळवून दिले. बऱ्यापैकी ऐपत असलेल्या जवळपास प्रत्येक जातीने मोठ्या शहरात आपली गृहसंस्था काढली आहे, असे त्यांचे निरीक्षण आहे. म्हणजे आज दलाल जे विचारतो त्याची नोंद नव्वद वर्षांपूर्वी, याच शहरात बसून झालेली आहे.

११/
घुर्ये यांनी जातीची सहा लक्षणे दिली. ती विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करतात. आपण ती उपनगरावर लावून पाहू. समाजाचे खंडांत विभाजन, श्रेणीबद्ध उतरंड, खाण्यापिण्यावरील व व्यवहारावरील बंधने, निरनिराळ्या गटांचे नागरी व धार्मिक हक्क आणि त्यांवरील निर्बंध, व्यवसायनिवडीवरील मर्यादा, विवाहावरील बंधने.

१२/
सकाळी ८.२०च्या फास्ट लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धे टेकून बसताना कोणाला कोणाची सावली टाळता येत नाही. स्टेशनबाहेरच्या गाडीवर वडापाव तळणाऱ्याची जात कोणी विचारत नाही. न्हाव्याच्या मुलाने सॉफ्टवेअर लिहावे आणि ब्राह्मणाच्या मुलाने उपाहारगृह चालवावे, यातही कोणाला नवल वाटत नाही. सहांपैकी तीन-चार लक्षणे प्रवासात आणि पोटापाण्याच्या व्यवहारात बरीच सैल झाली. पण लोकल स्टेशनात थांबते, माणूस घरी पोहोचतो, आणि तेथे दोन लक्षणे त्याची वाट पाहत असतात : शेजार आणि सोयरीक.

१३/
त्यांतही सोयरीक अधिक चिवट. भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत देशभरातील आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्के आढळले. शाळा, रेल्वे, मतदान, कारखाने, मोबाइल, सारे येऊन गेल्यानंतरचा हा आकडा आहे. बाकीची लक्षणे ढिली होतात आणि हेच एक का टिकते? घुर्ये यांच्या यादीत सहाही लक्षणे एका ओळीत उभी आहेत. त्यांतले मुळाचे कोणते, हे यादी सांगत नाही. यादीची हीच मर्यादा असते.

१४/
या प्रश्नाचे उत्तर घुर्ये यांच्या ग्रंथाच्या सोळा वर्षे आधी एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने दिले होते. ९ मे १९१६, न्यूयॉर्क. कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात भीमराव रामजी आंबेडकर यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यांवर निबंध वाचला. पुढील वर्षी मे महिन्यात तो 'इंडियन अँटिक्वेरी'मध्ये छापून आला. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

१५/
येथे आणखी एका मराठी माणसाला आणायला हवे. श्रीधर व्यंकटेश केतकर, पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक म्हणून आपण ओळखतो ते. कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना १९०९ मध्ये त्यांनी जातीच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ लिहिला. जातीची दोन लक्षणे त्यांनी सांगितली : सभासदत्व फक्त त्या जातीत जन्मलेल्यांनाच, आणि जातीबाहेर विवाहाला बंदी. आंबेडकरांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले या युरोपीय पंडितांची मते तपासून बाजूला ठेवली. केतकरांविषयी मात्र ते आदराने लिहितात आणि मग एक बारीक दुरुस्ती सुचवतात.

१६/
दुरुस्ती अशी : ही दोन लक्षणे नव्हेत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर विवाह बंद केला की बाहेरचा माणूस आत येण्याचा मार्ग आपोआप बंद होतो. तेव्हा मूळ गोष्ट एकच, अंतर्विवाह. जात म्हणजे स्वतःभोवती कुंपण घातलेला वर्ग. कुंपण काढले तर उरतो तो वर्ग, आणि वर्गात माणूस वर-खाली, आत-बाहेर होऊ शकतो. एका विद्यार्थ्याने ज्येष्ठ अभ्यासकाचा मान राखून त्याचाच धागा पुढे न्यावा आणि प्रश्न सोडवून टाकावा, याचे हे सुंदर उदाहरण मला वाटते. शोधनिबंध लिहिणाऱ्या मित्रांनी ती दोन पाने मुद्दाम वाचावीत.

१७/
पण निबंधाचे खरे बळ यापुढे आहे. कुंपण टिकवायचे कसे? समजा, एखाद्या गटाने ठरवले की यापुढे बाहेर लग्न नाही. मग आत विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे. पण मृत्यू जोडीने येत नाही. नवरा वारला की गटाच्या हिशेबात एक स्त्री 'जास्तीची' होते. तिने गटात पुनर्विवाह केला तर एका कुमारिकेच्या वाट्याचा वर जातो. गटाबाहेर केला तर कुंपणच मोडते.

१८/
गटापुढे दोन क्रूर मार्ग उरतात : तिला नवऱ्याच्या चितेवर जाळणे, किंवा तिच्यावर आजन्म वैधव्य लादून तिला कोणी इच्छिणार नाही अशी तिची अवस्था करणे. बायको वारली तर पुरुषही 'जास्तीचा' होतो. पण त्याला जाळता येत नाही. सत्ता त्याच्या हाती असते. त्याच्यावर ब्रह्मचर्य लादले तरी ते टिकण्याची खात्री नाही आणि गटाची वाढ थांबते. मग त्याच्यासाठी अजून विवाहयोग्य न झालेल्या मुलींमधून वधू काढली जाते. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह. शाळेत या तिन्ही प्रथा 'समाजसुधारणा' या धड्यात सुट्या सुट्या भेटल्या होत्या. आंबेडकरांनी त्या एका यंत्राची चाके म्हणून जोडून दाखवल्या.

१९/
जातीचे कुंपण स्त्रीच्या देहावर उभे आहे, हा सिद्धांत १९१६ चा आहे, हे मी एम.ए.ला येईपर्यंत मला कोणी सांगितले नव्हते. आंबेडकरांचे हे लेखन स्त्रीवादी समाजशास्त्राचा पाया म्हणून वाचावे, असा आग्रह पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी धरला. २०१३ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. त्यांनी जो धडा अभ्यासक्रमात आणला तो आणखी कितीतरी आधी यायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०/
आता पुढील प्रश्न : एका गटाने कुंपण घातले, पण बाकीच्यांनी का घातले? येथे आंबेडकर गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचे अनुकरणाचे नियम वापरतात. अनुकरण वरून खाली झिरपते आणि जो जितका जवळ तो तितके अधिक अनुकरण करतो. पुरोहितवर्गाने प्रथम स्वतःला बंद करून घेतले; त्याची प्रतिष्ठा पाहून जवळच्यांनी तेच केले. वरच्या गटाच्या जितके जवळ, तितक्या या तीन प्रथा कडक. जितके दूर, तितक्या सैल.

२१/
आणि शेवटी उरले ते? त्यांनी काही ठरवलेच नव्हते. सगळ्यांनी आपापली दारे लावून घेतल्यावर ते बाहेर होते, एवढेच. दाराची ही प्रतिमा खुद्द आंबेडकरांची आहे. कोणी आतून कडी घातली आणि कोणाला दार बंद आढळले, हा भेद त्यांनी तेव्हाच केला.

२२/
छत्तीस वर्षांनी, १९५२ मध्ये, घुर्ये यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्गवरील ग्रंथात 'संस्कृतीकरण' ही संकल्पना मांडली : खालची मानली गेलेली जात वरच्या जातीचे आचार, आहार, विधी उचलते आणि पुढे वरच्या स्थानावर हक्क सांगते. संकल्पना उपयुक्त आहे, पाठ्यपुस्तकात तिला स्वतंत्र प्रकरण आहे. अनुकरणाचाच धागा, पण विणकाम वेगळे. श्रीनिवासांना त्यात शिडी दिसली. आंबेडकरांना दिसले ते हे की, शिडी चढणारा प्रत्येक गट वर पोहोचताच आपल्या मागचे दार लावतो, आणि किंमत त्या गटातील बायकांकडून वसूल होते.

२३/
याच सुमारास जर्मनीत मॅक्स वेबर एका संकल्पनेवर काम करीत होते. तिला मराठीत 'सामाजिक बंदिस्ती' म्हणू. एखादा गट मर्यादित संधी आपल्याकडे राखण्यासाठी कोणते तरी चिन्ह निवडतो (वंश, भाषा, धर्म, कूळ, पदवी, काहीही) आणि ते नसलेल्यांना बाहेर ठेवतो. वेबर यांच्या मृत्यूनंतर, १९२२ च्या सुमारास, त्यांचा हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नेमके कोणते चिन्ह, हे दुय्यम. ते सोयीनुसार बदलते. 'आडनाव काय' हा प्रश्न अवघड जाऊ लागला की 'नॉनव्हेज खाता का' हा प्रश्न त्याची जागा घेतो. दुसऱ्या प्रश्नाला जेवणाच्या आवडीचा पोशाख आहे, पण गाळणीची छिद्रे बऱ्याच अंशी तीच.

२४/
एक तारीखवार योगायोग. आंबेडकरांचा निबंध छापून आला ते १९१७ साल. त्याच वर्षी ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी गेले. राहायला जागा कोणी देईना. अखेरीस पारशी नाव सांगून त्यांनी एका पारशी विश्रामगृहात खोली मिळवली. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना ती खोली सोडावी लागली. हिंदू मित्राकडे जागा नाही, ख्रिस्ती मित्राकडे नाही. शहराच्या सार्वजनिक बागेत त्यांनी ते तास काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. दाराचा सिद्धांत मांडणाऱ्याला दारानेच तो पुन्हा सिद्ध करून दाखवला.

२५/
येथे थोडे थांबून तळमकींकडे परत जाऊ, कारण त्यांना खलनायक ठरवणे सोपे आणि चुकीचे होईल. १८९६ च्या प्लेगनंतरची मुंबई डोळ्यांपुढे आणा. अंधाऱ्या खोल्या, मनमानी भाडी. कारकुनाच्या पगारात घर बांधणे अशक्य. दहा-वीस जणांनी एकत्र येऊन कर्ज काढले तरच शक्य. पण सामायिक कर्जात एकाने हप्ता बुडवला की भार सर्वांवर. मग विश्वास कोणावर ठेवायचा? ज्याचे घराणे ठाऊक, ज्याचा मामा आपल्या ओळखीचा, जो बुडवून पळाला तर लग्नकार्यात तोंड दाखवू शकणार नाही, त्याच्यावर.

२६/
पिएर बोर्द्यू आणि त्याच्यानंतरचे अभ्यासक याला 'सामाजिक भांडवल' म्हणतात. ज्ञातीचे जाळे हे तारण होते. त्याच्या जोरावर अनेक मध्यमवर्गीय कुटुंबे चाळीतून ब्लॉकमध्ये गेली. पण हे भांडवल वाटून घ्यायचे तर वाटेकरी मर्यादित हवेत. म्हणजे ज्या दोरीने आतली माणसे एकमेकांना धरून राहतात तीच बाहेरच्यांसाठी कुंपण होते. आणि ज्यांच्या ज्ञातीत कारकूनच नव्हते, पगारदारच नव्हते, त्यांच्या जाळ्यातून तारण येणार कोठून? तळमकींच्या मनात कोणाविषयी द्वेष असण्याची गरजच नव्हती. व्यवस्थेला त्याची आवश्यकता भासत नाही.

२७/
कष्टकऱ्यांमध्येही हेच. गिरण्यांत दलित कामगार होते, पण कापड विणण्याच्या खात्यात त्यांना प्रवेश नसे. तेथे मजुरी अधिक, आणि धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. दलिताच्या ओठाला लागलेला धोटा आपल्या ओठाला कसा लावायचा, हा सवर्ण विणकरांचा आक्षेप. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला. लाल बावट्याखाली वर्ग एक होता. धोट्यापाशी त्याच्या जाती झाल्या.

२८/
फ्रँक पार्किन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये वेबरच्या संकल्पनेला दुसरी बाजू जोडली. वरच्यांची बंदिस्ती वगळण्यासाठी असते. खालचेही संघटित होतात, पण वगळलेला वाटा परत मिळवण्यासाठी. घाटकोपर पूर्वेची माता रमाबाई आंबेडकर नगर ही वस्ती या दुसऱ्या बाजूने पाहावी लागते. वरवर पाहता तीही 'एकाच समाजाची वस्ती'. पण तिला सारस्वत कॉलनीच्या किंवा बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीच्या रांगेत बसवणे म्हणजे कडी आतून लावलेली आणि बाहेरून लावलेली यांतला भेद पुसणे. ११ जुलै १९९७ रोजी तेथे पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण मृत्युमुखी पडले. हायवेवरून बसने जाताना ती वस्ती खिडकीतून दिसते.

२९/
कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम २३ सांगते की पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. वाचायला स्वच्छ आहे. पण २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळी दिशा घेतली. सभासदत्व फक्त पारशांना, असा उपविधी न्यायालयाने वैध ठरवला. आधार होता संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य. गृहसंस्था म्हणजे 'राज्य' नव्हे, म्हणून समतेचा मूलभूत हक्क तिच्यावर थेट लागू होत नाही, असा युक्तिवाद मान्य झाला.

३०/
त्या संस्थेची नोंदणी मुळात १९२५ च्या मुंबई सहकारी संस्था कायद्याखालची. म्हणजे घुर्ये ज्या काळातील गृहसंस्थांविषयी लिहीत होते त्याच काळातील कायद्याचे अपत्य. मला हा निकाल पटत नाही. लहान होत चाललेल्या समाजाची आपले अस्तित्व टिकवण्याची चिंता समजू शकते. पण तोच उपविधी बहुसंख्य, जमीनमालक जातीच्या हाती दिला की त्याचा अर्थ पालटतो, आणि निकाल या दोहोंत फरक करण्याचे साधन देत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी येथे जरूर भांडावे.

३१/
सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडमधील एक चित्रफीत सर्वांनी पाहिली. मराठी असल्याच्या कारणावरून एका महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारण्यात आली. संताप झाला, पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला, राजकीय पक्ष धावले. संताप योग्यच होता. परंतु इतिहासाच्या विद्यार्थिनीला त्यातील नवेपण कोठे आहे ते शोधावे लागते. दार नाकारण्याची रीत जुनी. मुसलमान आणि दलित भाडेकरूंनी ती दशकानुदशके सोसली. त्यांना नकार बहुधा दलालाच्या फोनवरच्या नरम आवाजात मिळतो, त्याची चित्रफीत होत नाही. नवे इतकेच की या वेळी दाराबाहेर उभी राहिली ती व्यक्ती अशा समाजातील होती ज्याला आपण दाराच्या आत आहोत असे वाटत आले होते.

३२/
त्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या अनेक मराठी घरांत या विषयावर तावातावाने चर्चा झाली. त्यांतील एका घरात मुलासाठी स्थळे पाहणे चालू होते. पहिल्या चाळणीची अट काय होती, हे येथे लिहिण्याची गरज नाही. वधू-वर सूचक संकेतस्थळांवर तिचा वेगळा रकानाच असतो. आंबेडकरांच्या सिद्धांतात शेजार हे कुंपणाचे बाहेरचे वळण आहे आणि विवाह हा त्याचा खुंट. १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्येही त्यांनी सहभोजनाला पुरेसे मानले नाही. खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहावर बोट ठेवले. वडापावच्या गाडीने जात मोडली नाही, ती का, याचे उत्तर तेथे आहे.

३३/
१९१६ चा तो निबंध महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या आंबेडकरांच्या 'लेखन आणि भाषणे' मालिकेच्या पहिल्या खंडात अगदी आरंभीच आहे. वीसेक पानांचा. बोरिवली ते चर्चगेट या एका फेरीत वाचून होतो, बसायला जागा मिळाली तर. तुमच्या इमारतीची नोंदणी कोणत्या साली झाली आणि पहिल्या सभासदांच्या यादीत कोणती आडनावे आहेत, हे सेक्रेटरीकडच्या जुन्या वहीत सापडू शकते. कोणाला पाहता आले तर खाली जरूर लिहा; इमारतीचे नाव नको, साल आणि भाग पुरे. पुढील धागा पॅट्रिक गेडेस यांच्यावर.